'शिराज'ला साथ द्या : महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व फिल्म सोसायट्यांचे अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पेटीवादक आहे. चाळीस वर्षं भजनी मंडळांना, संगीत नाटकांना आणि गाण्याच्या बैठकांना साथ करत आलो. सिनेमाचा अभ्यासक म्हणून माझं नाव कुठे नाही. तरी तुम्हाला लिहायला बसलो, कारण गेल्या हिवाळ्यात तुमच्यातल्याच एका सोसायटीच्या खेळाला जे पाहिलं ते मनातून जात नाही. त्यावर उपाय आहे, आणि तो तुमच्या-माझ्या आवाक्यातला आहे.

खेळ 'शिराज'चा होता. १९२८ सालचा मूकपट, ताजमहाल कसा उभा राहिला याची कल्पित प्रेमकथा. मी मुद्दाम पन्नास किलोमीटर एसटीने गेलो होतो. हॉल निम्म्याहून जास्त भरलेला, कॉलेजची मुलंमुली बरीच, ते बघून बरं वाटलं. चित्र सुरू झालं आणि दोन मिनिटांत लक्षात आलं की पडद्यावरची माणसं चालत नाहीयेत, तुरुतुरु पळताहेत. प्रत कुठून तरी उतरवून घेतलेली होती. तिच्यावर पियानोची एकच धून, संपली की पुन्हा पहिल्यापासून. रानात तान्हं बाळ सापडलं तरी तीच, बाजारात मुलीचा लिलाव चालला तरी तीच. सलीमाला पळवून नेतात आणि शिराज तिच्या मागावर निघतो, तिथे हशा पिकला. एकदा असं हसू फुटलं की आवरत नाही. हत्तीच्या प्रसंगालाही हसले. मध्यंतरानंतर वीस-पंचवीस माणसं उरली. शेवटी आभार मानताना संयोजक म्हणाले, "त्या काळचा अभिनय असाच असायचा, आज आपल्याला तो गमतीदार वाटणारच."

हे चूक आहे, आणि ते त्या मुलांच्या कानावर तसंच राहायला नको म्हणून हे पत्र.

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा बहुधा हाताने फिरवत. सेकंदाला कधी १६ चौकटी (फ्रेम), कधी १८, कधी २०, कधी २२. २४ हा पक्का वेग आला बोलपटाबरोबर, कारण आवाजाला ढिलेपणा चालत नाही. आता १८ ने घेतलेलं चित्र २४ ने पळवलं, तर ८० मिनिटांची गोष्ट ६० मिनिटांत संपते. वीस मिनिटं जातात कुठे? ती प्रत्येक नजरेतून, प्रत्येक वळण्यातून, थबकलेल्या प्रत्येक पावलातून काढून घेतलेली असतात. एखाद्याचा विलंबित ख्याल कुणी दुप्पट लयीत लावावा आणि मग गवई धांदरट होता म्हणावं, तशातला हा प्रकार. नटाने पापणी खाली घ्यायला जितका वेळ घेतला तितका त्याला द्यायला हवा. प्रेमाच्या गोष्टीत तर द्यायलाच हवा, कारण तिथे मारामारी नसते, घोडदौड थोडी असते. जे असतं ते बघण्यात आणि बघून न बोलण्यात असतं.

'शिराज' कुणी केला, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तरी सांगतो. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, जर्मनीतल्या म्युनिकचा. निर्माता आणि नायक हिमांशु राय. कथेचं मूळ निरंजन पाल यांचं नाटक. सलीमाच्या भूमिकेत एनाक्षी रामा राव, राजपुत्र खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, झाले आहेत चारू रॉय, आणि मत्सराने पेटलेली डालिया म्हणजे सीतादेवी. पैसा आणि यंत्रसामग्री भारताबरोबर ब्रिटन आणि जर्मनीची, पण माणसं, उन्हं, वाळू, हत्ती, उंट सगळं इथलं. जयपूर दरबाराने मदत केली आणि स्टुडिओतले पुठ्ठ्याचे महाल टाळून खऱ्या जागी चित्रण झालं. त्याच्या तीन वर्षं आधी याच मंडळींनी बुद्धाच्या जीवनावर चित्रपट केला होता आणि पुढच्याच वर्षी महाभारतातल्या द्यूतावरून 'प्रपंच पाश' केला. यातलेच राय आणि ऑस्टेन पुढे आपल्या मालाडला आले. १९३४ ला तिथे बॉम्बे टॉकीज ही चित्रपट कंपनी उभी राहिली, १९३६ चा 'अछूत कन्या' त्याच ऑस्टेनचा. तेव्हा 'शिराज'ला लांबचा समजायचं कारण नाही.

गोष्ट साधी आहे. वाटेत काफिल्यावर हल्ला होतो, त्यातून एक तान्ही मुलगी वाचते आणि कुंभाराच्या घरी वाढते. कुंभाराचा मुलगा शिराज तिच्यावर जीव टाकतो. मुलगी मोठी होते, तिला पळवून गुलामांच्या बाजारात विकतात, ती राजपुत्राच्या महालात पोचते. शिराज मागोमाग जातो. हत्तीच्या पायाखाली जायची वेळ येते, शेवटच्या घटकेला वाचतो. सलीमा राजघराण्यातली निघते, राजपुत्राची राणी मुमताज होते, आणि शिराज आहे तिथेच राहतो, वर्षानुवर्षं, तिच्या महालाच्या आसपास. ती वारल्यावर बादशहाला तिच्यासाठी जगात नसेल अशी कबर बांधायची असते. तिचा आराखडा घडतो तो म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या शिराजच्या हातून.

इतिहास म्हणून बघाल तर यातलं काहीच टिकणार नाही. खरी मुमताज म्हणजे अर्जुमंद बानू, आसफ खानाची मुलगी. १६३१ साली ती गेली बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात. आपल्या खानदेशाला लागून, तापीच्या काठी. आधी तिला तिथेच दफन केलं होतं, आग्र्याला नंतर नेलं. कुंभाराचा मुलगा पाल यांच्या कल्पनेतला. पण कल्पना करणाऱ्याने कुंभारच का निवडला, हे मला फार आवडतं. मातीला आकार द्यायला कुंभार बघत नाही, अंगठ्याने चाचपतो. डोळे गेले तरी हे हात आंधळे होत नाहीत. ही एवढी गोष्ट कुणी सांगत नाही, चित्रच ती सांगून जातं. त्या दिवशी ती जागा आली तेव्हा हॉलमधले उरलेले लोकही मोबाइल बघत होते, आणि पियानो तीच धून घोळत होता.

आता माझ्या आजोबांविषयी. ते तंबूतल्या सिनेमाला पेटी वाजवायचे. जत्रेच्या मैदानात तंबू, पुढे सतरंजीवरचे लोक, पडद्याच्या डाव्या अंगाला पेटी आणि तबला, आणि एक माणूस उभा राहून चित्रात मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचणारा. पाट्या दोन-दोन, तीन-तीन लिपींत असायच्या, पण वाचता येणारे तंबूत किती! तो माणूस नुसता वाचायचा नाही, दटावायचा, समजूत घालायचा, 'आता बघा हं' म्हणायचा. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की काळोखात चित्र थांबायचं आणि दुसरं रीळ चढेपर्यंत आजोबा एखादं नाट्यपद वाजवायचे. लोक त्याला वन्समोअर द्यायचे आणि यंत्रवाला ओरडायचा. पहिल्यांदा मला भात्याला बसवलं तेव्हा ते म्हणाले होते, "बोटांकडं बघू नको, माणसाकडं बघ. माणूस थांबला की आपण थांबायचं." मला वाटलं, गवयाविषयी बोलताहेत. मोठा झाल्यावर कळलं की ते पडद्यावरच्या माणसाविषयी बोलत होते.

१४ मार्च १९३१ ला मुंबईत आपला पहिला बोलपट 'आलम आरा' लागला. बोलपट तंबूपर्यंत यायला आणखी काही वर्षं गेली, पण आला, आणि पडद्याशेजारची पेटी उचलली गेली. तशा किती पेट्या या मुलखात उचलल्या गेल्या असतील, कुणी मोजलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मूकपट दाखवणार असाल तर साथीला माणूस बसवा. ज्यांनी तो चित्रपट घडवला त्यांनी ती जागा सोडूनच घडवला होता. तबलजी न आलेल्या मैफलीत गवई बंदिश मांडेल, पण समेवर येणार कुणाबरोबर? मुद्रित संगीत लावू नका असं मी म्हणत नाही. २०१७ साली लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 'शिराज' दुरुस्त केला, सतारवादक अनुष्का शंकर यांनी त्यासाठी नवं संगीत रचलं, आणि वादक समोर बसवून तो तिकडेही दाखवला, इकडे भारतात आणूनही दाखवला. 'प्रपंच पाश'ला त्याआधी ब्रिटनमधले संगीतकार नितिन सॉनी यांनी संगीत दिलं होतं. दोन्ही कामं मोलाची आहेत आणि ज्यांनी ती प्रत्यक्ष ऐकली ते भाग्यवान. पण तो मोठ्या शहरातला एखाद्या संध्याकाळचा सोहळा. सांगली, परभणी, चिपळूण, चाळीसगाव इथल्या मुलाला 'शिराज' कसा भेटणार? तर त्याच्याच गावच्या पेटी-तबल्याबरोबर. अशी माणसं प्रत्येक तालुक्याला आहेत. कीर्तनात आहेत, भजनात आहेत, शाळेच्या संगीत शिक्षकांत आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

मी 'शिराज' घरी बसून सहा वेळा पाहिला आहे, आवाज पूर्ण बंद करून, पेटी पुढ्यात घेऊन. वहीत प्रसंग उतरवले, शेजारी मिनिटं, त्याच्या शेजारी सूर. काय ठरलं तेही सांगतो, म्हणजे हे काम हवेतलं नाही हे तुम्हाला पटेल.

कुंभाराच्या घरचं बालपण राजस्थानच्या मांड रागात. चित्रण त्या मुलखातलं, वाळूचा रंग तिथला, तेव्हा तिथलाच सूर, आणि तो हलका ठेवायचा, दादऱ्यात, जास्त नटवायचा नाही. गुलामांचा बाजार आला की पेटी बंद. नुसता डग्गा आणि चाट, बोली चढेल तशी लय चढेल. माणसाला किंमत लावतात तिथे मला सूर नको वाटतो. महालात शिरताना दरबारी राग वाजवायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरावा. महाल दिसला की दरबारी ही आपल्याला लागलेली सवय आहे. राजपुत्र तिथे राजा म्हणून येत नाही, मुलीपुढे अडखळणारा तरुण म्हणून येतो. त्याला मी बिहाग दिला आहे.

हत्तीच्या प्रसंगाला काहीच नाही. तानपुरासुद्धा थांबवायचा. इतका वेळ सतत ऐकू येणारा 'सा' एकाएकी नाहीसा झाला की हॉल श्वास धरतो. हे आजोबांच्या तंबूत चालायचं आणि आजही चालेल.

आणि म्हातारा शिराज. त्याच्यावर मी फार दिवस अडलो होतो. आधी तोडी लावून पाहिली, ती नुसतीच रडायला लागली. शेवटी मारवा राग. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही, आणि षड्ज, म्हणजे 'सा', शक्य तितका टाळायचा. कोमल ऋषभावर आणि धैवतावर रेंगाळत राहायचं, घर समोर दिसतंय पण उंबरा ओलांडायचा नाही, असं. अठरा वर्षं तो महालाबाहेर तसाच आहे की नाही? अठरा हा आकडा कथेत असो नसो, माझ्या मनातला आहे. त्याचे हात आराखड्यातली घुमटी घडवतात तेव्हाही षड्ज नाही. पडद्यावर खरा ताज उभा राहतो, तेव्हा द्यायचा. एकच, मंद्र सप्तकातला, भाता हळू सोडत. त्यानंतर चित्र संपेपर्यंत हात उचलायचा नाही.

दुसरा पेटीवाला वेगळं वाजवेल. वाजवू दे. एकाच चित्रपटाला पाच गावांत पाच साथी मिळाल्या तर तो पाच वेळा बघायला जाणारी माणसं निघतील. नाटकाला आपण तसे जातोच.

आता व्यवहाराचं. यूट्यूबवरून उतरवलेली प्रत लावू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. १९६४ पासून ते आपल्या दाराशी आहे आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जन्म घालवून ते भरलं आहे. जे चित्रपट परदेशी संस्थांच्या ताब्यात आहेत त्यांच्यासाठी त्या संस्थांना रीतसर पत्र लिहा. चार-पाच सोसायट्यांनी मिळून एकच मागणी केली तर खर्चही वाटला जाईल आणि एकच साथीदार संच गावोगाव फिरवता येईल. चित्र कोणत्या वेगाने चालणार हे आधी विचारा आणि यंत्र चालवणाऱ्याला ते लिहून द्या. वादकांना चित्र किमान तीनदा आधी बघू द्या, त्यातलं एकदा त्याच हॉलमध्ये. त्यांच्या वहीवरचा दिवा खाली वळलेला हवा, पडद्यावर उजेड सांडता कामा नये. बसवायचं ते पडद्याकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे नव्हे, हार-तुरे खेळानंतर. ध्वनिक्षेपक अगदी बेताचा, छोट्या हॉलला नसला तरी चालेल.

पाट्या इंग्रजीत असतात. त्या मराठीत वाचायला गावातला एखादा चांगला आवाज शोधा. नाट्यवाचन करणारी एखादी ताई, आकाशवाणीवरून निवृत्त झालेला कुणी. भाषांतर आधी करून घ्या आणि ते पुस्तकी करू नका. पाटी पडद्यावर असते तेवढ्याच वेळात वाक्य संपलं पाहिजे, हे बघून लिहा. आजीबरोबर आलेल्या सात वर्षांच्या नातीलाही मग गोष्ट कळेल.

आणि मानधन द्या. 'तेवढीच कलेची सेवा' असं म्हणून वादकाला नारळ देऊन परत पाठवू नका. पाहुण्या वक्त्याच्या प्रवासाला, राहण्याला जो खर्च तुम्ही आनंदाने करता, त्यात एका खेळाची साथ सहज बसते.

हे जमलं तर पुढची पायरी आपल्या घरातली आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले आज पुरते आणि तुकड्यांत मिळून तीसेक हाताशी आहेत. बाकीच्यांतले काही जळाले, काहींच्या फिल्मचं नायट्रेट कुजून पावडर झालं, काही फिल्मवरची चांदी काढायला भट्टीत गेले. फाळके, बाबूराव पेंटर यांची जी काही रिळं उरली आहेत ती पौराणिक म्हणून निदान नावाने तरी लोकांना ठाऊक आहेत. पण पुण्याच्या अग्रवाल फिल्म कंपनीचा १९३१ चा 'दिलेर जिगर' किती जणांनी पाहिला आहे? दिग्दर्शक जी. पी. पवार. नायिका अंबू, म्हणजे ज्यांना आपण पुढे ललिता पवार म्हणून ओळखलं आणि ज्यांच्या एका डोळ्याच्या कटाक्षाने आपल्या आया-आज्या सासूचं नाव निघालं की शहारायच्या. इथे त्या जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या आहेत, प्रेमात पडलेल्या. हा चित्रपट शाबूत आहे. पुण्यात घडला, पुण्यातच जपला आहे. अंबूला तिचं वय परत द्यायचं असेल तर तिला योग्य वेगाने चालू द्या आणि बाजूला ढोलकी ठेवा. या गोष्टीला तबल्यापेक्षा ढोलकी शोभेल.

मी त्या सोसायटीच्या लोकांवर रागावलेलो नाही. स्वतःच्या खिशातून पैसे घालून, खुर्च्या स्वतः मांडून ती माणसं दर महिन्याला चित्रपट दाखवतात हे मला माहीत आहे. ते दाखवतात म्हणून तर मी एसटी धरून गेलो. त्यांनीच 'शिराज' पुन्हा लावावा अशी माझी इच्छा आहे, त्याच हॉलमध्ये, आणि शक्य झालं तर त्याच मुलांना बोलावून.

पहिल्या खेळाला मी यायला तयार आहे, कुठल्याही जिल्ह्यात. पेटी माझी मी आणीन. येण्याजाण्याचं एसटीचं तिकीट आणि एक रात्र झोपायला जागा पुरे. तबलजी तुमच्या गावचा घ्या, म्हणजे पुढच्या वेळी माझ्यावाचून अडणार नाही. त्याला फक्त दोन गोष्टी सांगून ठेवा: तबला काळी एक या पट्टीचा लागेल, आणि हत्ती आला की हात मांडीवर ठेवायचे.

आपला,
एक पेटीवादक